थर्मासमधलं दूध
सांगलीच्या दवाखान्यात अंजना मांडीवरचा थर्मास सारखा या हातातून त्या हातात करत होती. चार वर्षांपूर्वी तिनं धाकट्या भावाला, बिराप्पाला, किडनी दिलेली. ती टिकावी म्हणून चाललेल्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबली, अंगातला जुना विषाणू उठला आणि मानेत गाठ आली. मग डॉक्टरांनी गोळ्या निम्म्यावर आणल्या. आज रिपोर्ट बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रक्तात औषध तेवढंच, गाठही वाढलीय. गोळ्या खरंच कमी केल्यात?" "बिरदेवाच्या भंडाऱ्याची शप्पत, सायेब," बिराप्पा कळवळला. "आक्का, तू तरी सांग की!" अंजनाचा हात कुशीतल्या व्रणावर गेला. किडनी गेली तर भाऊ जाईल या धास्तीनं ती रोज उरलेली गोळी कुटून त्याच्या हळदीच्या दुधात कालवत होती. थर्मास टेबलावर ठेवत ती म्हणाली, "त्यानं कमी केल्या, सायेब. म्या न्हाई."