उत्तराला लागणारा वेळ

आमच्या चॅट ॲपचा सर्व्हर किती ताण सोसतो ते बघायला मी लोड टेस्ट लावली. तीनशे खोटी माणसं एक नंबरच्या खात्याला एकदम “कसे आहात?” विचारणार आणि टूल उत्तराला लागणारा वेळ मोजणार. पण घाईत मी माती खाल्ली. टेस्ट चाचणीच्या सर्व्हरऐवजी लोक वापरतात त्या चालू सर्व्हरवर सुटली आणि तिथलं एक नंबरचं खातं खऱ्या माणसाचं निघालं.

साहेबांनी फैलावर घेतलं, “आधी माफी माग त्यांची!”

मी फोन लावला. “काका, माफ करा, फार त्रास झाला असेल ना?”

“छे हो, त्रास कसला!” म्हातारा आवाज म्हणाला. “सकाळपासून बेचाळीस जणांना लिहून झालं.



बाकीच्यांना तेवढं सांगाल का, बोटं जरा हळू चालतात, पण उत्तर प्रत्येकाला देणार आहे म्हणून?”