चोच मारली नाही तर

तिने कोंबडीच्या पोटाखाली हात घातला आणि कोंबडीने चोच मारली नाही.

असं व्हायला नको होतं. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी म्हणजे जमदग्नीचा अवतार. जिन्याखालच्या खोक्यात ही पंधरा दिवस नऊ अंडी घेऊन बसली होती आणि रोज सकाळी अंडी चाचपताना तिच्या हातावर एक तरी ओरखडा उठायचाच. तिची पारख साधी होती. चोच मारली म्हणजे ठणठणीत. हात घातला तरी गप्प बसली, तर समजावं की आत काहीतरी बिघडलंय.

आज कोंबडीने नुसते डोळे अर्धवट मिटले.

तिची नजर दाण्यांच्या वाटीकडे गेली. वाटीत ताजे दाणे, अर्धे टिपलेले. पाणीही ताजं. तिने तर अजून दाण्यांच्या डब्याला हातसुद्धा लावला नव्हता.

घरात दुसरं माणूस एकच, तिचा नवरा. गल्लीत सगळे त्यांना चेकरसाहेब म्हणत. कपड्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी शर्टांच्या चुका काढल्या होत्या. निवृत्त झाले, शर्ट संपले, मग ते घराकडे वळले. पडदा अर्धा इंच खाली, चहा एक उकळी कमी. गेले पंधरा दिवस तर कोंबडीच्या नावाने खडे फोडणं चाललं होतं. "ही कोंबडी आहे की भाडेकरू? घरभर वास. देऊन टाक कुणाला तरी!" असा माणूस पहाटे उठून कोंबडीला दाणे घालतो? पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं.

चेकरसाहेब खिडकीशी बसले होते. समोरचा चहा अर्धा तसाच.

"अहो, दाण्यांत काय कालवलंत?"

"काय कालवणार? लवकर जाग आली, म्हटलं आपणच घालावेत."

"ती चोच मारत नाहीये."

"असू दे गं. दमली असेल बिचारी." जरा थांबून ते म्हणाले, "तूही बस घटकाभर. सारखी राबत असतेस."

बिचारी! लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हा शब्द तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. कोंबडीला तो पंधरा दिवसांत मिळाला. आणि बायकोचं राबणं दिसलं, तेही नेमकं आजच. तिने दाणे वर्तमानपत्रावर ओतले, हुंगले, बोटाने एकेक बाजूला सारून पाहिला. दाणेच होते.

शेवटी तिने कोंबडीला दोन्ही हातांनी उचलून दारात सोडलं आणि अंड्यांवर जुना टॉवेल टाकला. कोंबडी क्षणभर बावचळली. मग पिसं फुलवून दुप्पट झाली, घटाघटा पाणी प्यायली, फरशीवर मोठी घाण केली आणि तरातरा आत आली. टॉवेल काढेपर्यंतही तिला धीर निघेना. खोक्यात शिरता शिरता तिने अशी चोच हाणली की बोटातून रक्तच आलं.

"मेली धडधाकट आहे की!" बोट तोंडात घालून ती हसली. पहाटेच पोट भरलं, म्हणून सुस्तावली होती एवढंच.

हसता हसता ती थांबली. कोंबडीचं कळलं. पण त्या 'बिचारी'चं काय?

तिने आठवून पाहिलं. काल दूध करपलं, साहेब चकार शब्द बोलले नाहीत. परवा ती चष्मा कुठेतरी विसरली, तर स्वतः उठून शोधून दिला. आणि तिला, वेडीला, बरं वाटलं होतं.

"अगं, माझा पांढरा शर्ट दे. जरा बाहेर जाऊन येतो."

"कुठे?"

"असंच."

ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला नवं नव्हतं. पण हे भांडं कसलं, ते कळेना.

पांढऱ्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं. तिने शिवणाचा डबा उघडला. पांढरं रीळ वरच होतं. ते बाजूला सारून तिने सुईत लाल दोरा ओवला. बटण काळं घेतलं, जागेपेक्षा जरा खाली लावलं आणि दोरा न कापता बोटभर लोंबता ठेवला. कारखान्यात असा शर्ट समोर आला असता, तर साहेबांनी आख्खं खातं डोक्यावर घेतलं असतं. देवा, आज ओरडू देत, ती मनात म्हणाली. शर्ट माझ्या अंगावर फेकू देत.

साहेबांनी शर्ट चढवला. गळ्यापाशी तो चांगलाच सैल पडत होता. जुन्या सवयीने अंगठ्याचं नख बटणपट्टीवरून खाली उतरत गेलं, लाल दोऱ्यापाशी आलं आणि थांबलं.

"छान लावलंस," ते म्हणाले.

तिने त्यांची बाही धरली.

"अहो, काय होतंय तुम्हाला?"

साहेबांनी मान वर केली नाही. तो लोंबता दोरा ते बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"तुला कुणी सांगितलं?"

"हिने," ती म्हणाली आणि टोचलेलं बोट जिन्याखालच्या खोक्याकडे केलं.