शून्य पॉइंट एक टक्का

जिन्याखाली नवी बॅग. किमतीची चिठ्ठी अजून लटकतेय.

ईमेलचा एक डबा पन्नास जीबीचा, दुसरा तीसचा, तिसरा अमर्याद.

परक्या भाषेचं पुस्तक. खूण एकशे चाळिसाव्या पानावर.

फोन आपटला गेला. सकाळपासून दुसऱ्यांदा.

"अहो, नव्व्याण्णव पॉइंट नऊ टक्के वेळ सेवा चालू असते म्हणता ना?" आता ताई तिसऱ्या ईमेल कंपनीच्या विक्रेत्याला विचारत होती. "मग उरलेल्या शून्य पॉइंट एक टक्क्यात कुणाकुणाच्या भावांची वाट लावता, त्याची यादी आहे का?"

पलीकडून काहीतरी गोड, पाठ केलेलं आलं. फोन पुन्हा आपटला.

चष्म्याच्या काचा घासण्याचा हा छोटा कारखाना दोघा भावंडांचा. ऑफिस ताईचं, यंत्रं धाकट्याची. अवघड नंबर घासणं दुसऱ्या कुणाला जमत नसे. परदेशातली एक भिंग कंपनी त्याला दोन वर्षांसाठी बोलावणार होती. पत्राची वाट बघून तेरा तारखेला त्यानेच फोन केला, तेव्हा कळलं : पत्र कधीच पाठवलं होतं, बारापर्यंत होकार हवा होता, आला नाही म्हणून जागा दुसऱ्याला दिली.

तेव्हापासून ताई पेटली होती.

त्यांच्या ईमेलची व्यवस्था बघणारा मेलवाला समोर तक्ता पसरून बसला होता. "ही स्वस्त आहे, पण हिची स्पॅमची चाळण फार बारीक. खरं पत्रही अडकतं."

"म्हणजे आत्ताच्या कंपनीचीच बहीण. फुली मारा."

"हिचा मदतीचा फोन रविवारी बंद."

"फुली."

"ही महाग आहे. पण प्रत्येक पत्राची प्रत दोन ठिकाणी ठेवतात."

"हीच घ्या."

"ताई, आता काय उपयोग?" धाकटा दारात ओले हात पुसत म्हणाला. "गेलं ते गेलं."

"तू गप्प बस! तुझ्या या मऊपणामुळेच लोक डोक्यावर बसतात. वर्षभर राबलास त्या मुलाखतीसाठी, आणि या नालायकांना एक पत्र धड पोचवता येत नाही?" तिचा आवाज चिरकला.

मेलवाल्याने घसा साफ केला. "डबे हलवायला सगळ्यांचे पासवर्ड लागतील."

"माझ्याकडे आहेत. लिहून घ्या."

दुपारपर्यंत जुनी पत्रं नव्या डब्यांत आली. "आता जुनं खातं बंद केलं की त्यांच्याकडच्या नोंदी कायमच्या जातील," मेलवाला म्हणाला. "आधी मागवू का? पत्र नेमकं कुठे अडकलं ते कळेल."

"विचारू या की," धाकटा म्हणाला.

"पुन्हा त्यांच्या दारात?" ताईने तक्त्याचा चोळामोळा केला. "ते 'आम्ही दिलगीर आहोत' असं लिहून पाठवतील, तू फ्रेम करून लाव! अरे, तुझ्या जागी मी असते ना, तर स्वतःच्या हाताने हाकलून दिलं असतं त्यांना."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. तिचे डोळे भरले होते. त्याच्यासाठी असं कुणी कधी भांडलं नव्हतं. त्याने माउस ओढला आणि जुनं खातं बंद केलं.

"झालं," तो म्हणाला. "आता शांत हो बघू."

पत्र तीन तारखेला सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी त्याच्या डब्यात पडलं होतं. नऊ वाजून सहा मिनिटांनी ताईने ते पुसलं होतं.