खोबणीतली क्लिप

मिस्त्रीने दार उघडलं आणि आतून पोहण्याच्या तलावाचा वास अंगावर आला. मागच्या सीटवर ओले टॉवेल, पोहायचे दोन चष्मे, खाली फुटलेली क्रीमची बाटली. गाडीचं नाक पार आत गेलं होतं. पुढच्या काचेवर, ड्रायव्हरशेजारच्या बाजूला, आतून धडकल्याचं जाळं उमटलं होतं आणि त्या जाळ्यात लांब केस अडकले होते.

केस पाहून त्याने हात मागे घेतला. वीस वर्षं पत्रे ठोकत होता, पण याची सवय काही होत नाही.

मालक मागे उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याच्याजवळ त्याची मुलगी, उजव्या हाताला प्लास्टर. लायसन्स हातात पडून तिला महिनाही झाला नव्हता. सुट्टी लागताच मैत्रिणीला घेऊन पोहायला गेली आणि येताना वळणावर गाडी खांबावर घातली, एवढं मालकाने सांगितलं. मैत्रीण अजून शुद्धीवर आली नव्हती. ते मुलीने सांगितलं.

"काचेचं नंतर बघा," मालक हळूच म्हणाला. "आधी ते काढा."

त्याचं बोट शेजारच्या सीटच्या बेल्टच्या खोबणीकडे होतं. खोबणीत पट्टा नव्हता, नुसती क्लिप खोचलेली होती. बेल्ट न लावता कुणी बसलं की गाडी टुंटुं करते. ही क्लिप खोचली की तिचं तोंड बंद.

"पोलिसांचे फोटो झाले?" मिस्त्रीने विचारलं.

"दुपारी येतायत. म्हणून तर घाई."

"मग मी हात लावणार नाही."

"अहो, एवढीशी वस्तू! सीटवर बॅग ठेवली तरी गाडी बोंबलायची, म्हणून खोचली. मी काय कुणाच्या वाईटावर होतो?" तो मुलीकडे वळला. "आणि तू ऐक. विचारलं तर सांगायचं, मी तिला बेल्ट लाव म्हणाले, तिनेच ऐकलं नाही. ती काही इतक्यात उठून बोलणार नाहीये."

मिस्त्री बाजूला जाऊन थुंकला.

"ती लावत होती, बाबा," मुलगी म्हणाली. "पट्टा ओढून हातात धरला होता तिने. मीच म्हणाले, राहू दे. ती क्लिप काढून हरवली असती, तर तुम्ही ओरडला असतात."

"हळू बोल. परकी माणसं आहेत."

"परका मी एकटाच आहे," मिस्त्री म्हणाला. "आणि लाजही मलाच वाटतेय."

"पक्कड द्या," मालकाने हात पुढे केला. मिस्त्रीने पक्कड पेटीत टाकली, झाकण लावलं आणि पेटीवर बसून राहिला.

शेवटी मालक स्वतःच आत वाकला आणि नखांनी क्लिप उपटू लागला. त्याच्या बाहीला एक लांब केस चिकटला. त्याने तो चिमटीत धरला आणि झुरळ झटकावं तसा झटकला.

मुलीने ते पाहिलं. तिने डाव्या हाताने फोन वर धरला. वाकलेला बाप, खोबणी, क्लिप. टिच्च आवाज झाला.

"काय करतेस? पुसून टाक तो फोटो!"

"गेला."

"कुणाकडे?"

"काकूंकडे. तिच्या आईकडे. कालपासून एकच विचारतायत, आमच्या पोरीने बेल्ट का नव्हता लावला?"

मालक क्लिप हातात घेऊन बाहेर आला. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"घेऊ नकोस," तो म्हणाला. "बेटा, माझं ऐक. मी बोलतो त्यांच्याशी."

तिने फोन कानाला लावला आणि शेडबाहेर रणरणत्या उन्हात पाऊल टाकलं.

"हो, काकू. गाडी मीच चालवत होते," ती चालता चालता म्हणाली. "फोनवर नको. मी येतेय, समोर उभी राहून सांगते."