आत्ता वाचणारे

"हा नको," मिठू म्हणाली. "यात नुसते तक्तेच तक्ते. भूगोलाचा पेपर वाटतो."

"पण कोणतं पान किती जणांनी वाचलं ते कळतं यात," ताई तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली. "उपयोगाचा आहे."

"मला पान नको. आकडा हवाय."

मिठूला ब्लॉगवर वाचक मोजणारा काउंटर बसवायचा होता. शेवटी तिने सगळ्यात सोपा निवडला. त्यात काळ्या पडद्यावर एक ठसठशीत हिरवा आकडा दिसायचा आणि वर लिहिलेलं असायचं, 'आत्ता वाचणारे'. बस. खातं काढलं की तो कोडची एक ओळ द्यायचा. ती ब्लॉगच्या पोटात चिकटवायची. वाचक कोणाच्या खात्यात धरायचा, हे त्याला त्या ओळीवरून कळायचं.

मिठूचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. बोलायला लागली तशी ती घरात मिठू झाली, आणि घराबाहेर 'ताईची बहीण'. चित्रकलेच्या बाई तर अजून तिला ताईच्याच नावाने हाक मारायच्या आणि ती मुकाट्याने ओ द्यायची. ब्लॉग ही ताईने आधी न केलेली पहिली गोष्ट होती. नाव होतं 'माझं मत'. मिठूला सगळ्यावर मत होतं.

सुरुवातीला वाचायला आई, आत्या आणि बाकावरची मैत्रीण. आकडा कुथत कुथत चालायचा.

आणि एक दिवस ताई म्हणाली, "मलाही एक काढून देशील?"

ताई कॉलेज करून शिवणाच्या दुकानात काम करायची. "फाटलेलं, उसवलेलं घरी कसं नीट करायचं, त्यावर लिहीन म्हणते."

समोर आई होती, म्हणून मिठूला नाही म्हणता येईना. तिने ताईचा चहा निवायच्या आत काम उरकलं. आपल्याच ब्लॉगची आहे तशी नक्कल काढली, नाव बदललं, फोटो बदलला, गुलाबीचा निळा केला; पोटातल्या कोडला हात लावला नाही. त्याच काउंटरवर ताईच्या नावाने नवं खातं उघडून दिलं.

"एवढ्यात झालं? हुशार आहेस गं," ताई म्हणाली.

तेही मिठूला टोचलं. शाबासकी द्यायचा मानसुद्धा ताईचाच.

"लोकांना खाली काही लिहू द्यायचं का?" मिठूने विचारलं.

"नको बाई. दुकानात गिऱ्हाइकं बोलतात तेवढं पुरे."

मग रोज जेवताना एकच कार्यक्रम. लेख टाकायच्या आधी ताई कागदावरून वाचून दाखवायची आणि बाबा घास हातात धरून ऐकायचे.

"चेन अडकली की तिच्यावर पेन्सिल घासायची? इतकी वर्षं मी दात-ओठ खात ओढतोय."

"बाबा, माझा आजचा वाचलात?"

"वाचतो गं. रविवारी निवांत."

मिठू पेटलीच. ती शाळेतून आली की दप्तर फेकून लिहायला बसू लागली. बसमध्ये खिडकी अडवणाऱ्यांवर लिहिलं, पीटीच्या तासावर लिहिलं, मोठ्यांच्या 'बघू' या शब्दावर लिहिलं. आणि आकडा हलला. आधी रांगला, मग धावला. पीटीचा लेख ज्या दिवशी टाकला, त्या दिवशी तर तो असा उसळला की मिठू पलंगावर उड्या मारत राहिली. त्याच दिवशी ताईचा तो चेनवाला लेख आला होता, पण त्याची आठवण कोणाला होती?

लेखाखाली मात्र एकट्या आत्याचं 'छान बेटा' असायचं, आणि तीन फुलं.

"जाणते वाचक लिहीत बसत नाहीत," मिठूने मैत्रिणीला समजावलं.

"मग मीपण जाणती झाले. कधीपासून उघडलाच नाहीये."

ताईचा आकडा शून्यावर बसला होता तो उठेना.

"मिठू, हा बिघडला नाहीये ना?"

"बिघडला असता तर माझा कसा चालला असता?"

मिठूला वाटलं, आता तरी आत गार वाटेल. पण रात्री ताटावर पुन्हा ताईचा कागद निघाला, उसवलेल्या खिशांवरचा, आणि आई म्हणाली, "किती सोपं करून सांगतेस गं." मिठूने ताट पुढे सरकवलं. आकडा आपला, वाचक आपले, मग घरात कौतुक हिचं कशाला?

रविवारी दुपारी ताई स्वतःच येऊन बसली.

"एक जरी वाचत असता ना, त्या एकासाठी लिहिलं असतं मी."

मिठूच्या हातातल्या फोनवर हिरवा आकडा भराभर वाढत होता. ती अगदी मायेने म्हणाली, "नाही आवडत लोकांना, तर आपण काय करणार? काढूनच टाक, ताई. ओस पडलेलं वाईट दिसतं."

"तूच दाब. माझा हात होत नाही."

'कायमचा काढायचा का?' असं पडद्याने विचारलं. मिठूने 'हो' दाबलं.

"तुझं छान चाललंय," ताई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "तू थांबू नकोस."

मिठू तरंगतच खोलीत आली. दार लावून तिने बहिणींवर एक लेख लिहिला, आजवरचा सगळ्यात झकास. टाकला, उघडून दोनदा वाचला, आणि मग सावकाश, चवीने काउंटर उघडला.

आत्ता वाचणारे: एक.

बाजूच्या खिडकीत तिचा स्वतःचाच ब्लॉग उघडा होता. तिने तो बंद केला.

आत्ता वाचणारे: शून्य.