तीन इंच

अकोल्याच्या उन्हाचा ताप आत येऊ नये म्हणून धाकट्या भावानं आपल्या भिंतीला बाहेरून थर्माकोल चिकटवायला घेतलं, तसं पुंडलिकरावांचं डोकं फिरलं. टेप लावून पाहिला. थर तीन इंच त्यांच्या अंगणात आला होता.

वाटणीपासून अकरा वर्षं न ओलांडलेला उंबरा ओलांडून ते तणतणत आत शिरले. त्याच भिंतीला लागून खाटेवर आई पडून होती. वाटणीत अर्ध्या झालेल्या खोलीत खाट सरकवायलाही जागा नव्हती. त्यांनी भिंतीला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला.

"माय भाजून राह्यली इथं," ते धाकट्यावर ओरडले. "इतके उन्हाळे झोपला होता का तू?"

"दर चैत्रात तुला परवानगीची चिठ्ठी पाठवली, दादा. तू न वाचताच फाडली. म्हणून यंदा विचारलंच नाही."