नकाशावरचं घर

ठकूबाईंनी निषादपुढे पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवला. धनगरवाड्याची रीतच तशी, आल्यागेल्याला आधी गूळपाणी, नावगाव मागाहून. गेल्या उन्हाळ्यात घाट चढून सायकलसकट कोलमडलेल्या निषादला त्यांनी असंच गूळपाणी दिलं होतं, वर नाचणीची भाकरी वाढली होती. घरी परतल्यावर त्याने मोठ्या कौतुकाने सायकलवाल्यांच्या ऑनलाइन नकाशावर या घराची खूण केली: 'पाणी, जेवण आणि मायेची माणसं.'

आज अंगणात आणखी चार सायकली होत्या. एक मुलगी हंड्यातलं पाणी ओतून चाकांची लाल माती धूत होती.

"ओळखलंत का, आजी?" निषादने विचारलं.

"न्हाई रं बाबा. लई येत्यात आता. कुनीतरी आमचं घर नकाशात घातलंय म्हनं."

"त्रास होत असेल तुम्हाला."

"दारी आलेल्याला पानी न्हाई कसं म्हनायचं?" त्या गुडघा चोळत म्हणाल्या. "निस्तं त्यो मानूस भेटला तर सांग, झरा पार खाली दरीत हाय, ह्येबी लिव्ह म्हनावं."

तो माणूस मीच, हे वाक्य निषादच्या ओठांवर आलं आणि गुळाबरोबर गिळलं गेलं. गेल्या वर्षी निघताना त्यानेही इथेच सायकल धुतली होती. दोन हंडे लागले होते.

वळणावर आणखी तिघे चढून येताना दिसले. ठकूबाईंनी रिकामा हंडा उचलला. निषाद धडपडत उठला आणि त्याने हंड्याला हात घातला.

"सोड," त्या हसून म्हणाल्या, "पाव्हन्याला पानी भराया लावत न्हाईत."